इन्फ्रारेड फोटोग्राफी: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणी, लातूर, संभाजीनगर, कुठेही फोटो मांडले की लोक थांबतात, जवळ येतात आणि तेच दहा-बारा प्रश्न विचारतात. घरी पोहोचेपर्यंत व्हॉट्सॲपवर आणखी पाच आलेले असतात. हे सगळे मी एका वहीत उतरवत आलो. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे सविस्तर आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. इन्फ्रारेड फोटो म्हणजे नेमकं काय? साध्या भाषेत सांगा.

आपल्या डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. हा जांभळ्यापासून तांबड्यापर्यंतचा पट्टा झाला. तांबड्याच्या पुढेही प्रकाश असतोच, फक्त आपल्याला तो दिसत नाही. शाळेच्या पुस्तकात त्याला अवरक्त म्हणतात, बोलताना सगळे इन्फ्रारेडच म्हणतात. उन्हातून जमिनीवर पोहोचणाऱ्या ऊर्जेपैकी जवळपास निम्मी या न दिसणाऱ्या प्रकाशाची असते.

कॅमेऱ्याच्या सेन्सरमधलं सिलिकॉन साधारण ११०० नॅनोमीटरपर्यंत हा प्रकाश टिपू शकतं. दिसणारा प्रकाश फिल्टरने अडवून फक्त पलीकडचा प्रकाश सेन्सरवर पडू दिला की जो फोटो येतो, तो इन्फ्रारेड फोटो.

२. झाडं पांढरीशुभ्र कशी? बर्फ पडलाय का? की कॉम्प्युटरवर रंगवलंय?

एका प्रदर्शनात एक आजोबा औशाच्या किल्ल्याच्या फोटोपुढे बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "हा २०१४ च्या गारपिटीचा का?" त्यांची काही चूक नव्हती. आपल्याकडे झाड पांढरं दिसण्याचं दुसरं कारण कुणी पाहिलेलंच नसतं.

पानातलं हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश खातं, हिरवा थोडा परत पाठवतं, म्हणून पान हिरवं दिसतं. इन्फ्रारेडचा मात्र हरितद्रव्याला काहीच उपयोग नसतो. तो पानाच्या आत शिरतो. तिथे पेशींच्या भिंती आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या असतात. प्रत्येक भिंतीवर आपटत, वळत त्यातला बराचसा पुन्हा बाहेर पडतो. हिरव्या प्रकाशातला साधारण दहावा हिस्सा पान परत पाठवतं, तर इन्फ्रारेडचा जवळजवळ निम्मा. म्हणून झाड उजळून निघतं. मीठ किंवा साखर पांढरी दिसते तसंच हे आहे. कण स्वतः पारदर्शक असतो, पण ढीग पांढरा दिसतो.

याला 'वुड इफेक्ट' म्हणतात. वुड म्हणजे लाकूड असं समजून बरेच जण फसतात. ते एका शास्त्रज्ञाचं आडनाव आहे (प्रश्न ४ पाहा). कॉम्प्युटरवर थोडं काम करावं लागतं, ते कोणतं हे प्रश्न ९ मध्ये सांगितलं आहे. पण पांढरेपणा झाडाचा स्वतःचा आहे.

३. म्हणजे हा उष्णतेचा फोटो झाला का? कोरोनात कपाळाला लावायचे तसला?

नाही, आणि ही गल्लत सगळ्यात जास्त होते. कपाळाजवळ धरायची बंदूक किंवा थर्मल कॅमेरा साधारण ८००० ते १४००० नॅनोमीटरच्या पट्ट्यात काम करतो. आपलं अंग स्वतः जे किरण सोडतं ते तिथले. आपल्या फोटोतला इन्फ्रारेड ७०० ते १००० च्या आसपासचा, दिसणाऱ्या प्रकाशाचा अगदी शेजारी. तो वस्तूतून निघत नाही. सूर्याकडून येतो आणि वस्तूवरून परततो. म्हणून काळोखात या कॅमेऱ्याला माणूस दिसत नाही, थर्मल कॅमेऱ्याला दिसतो.

फरक ओळखायची सोपी खूण म्हणजे खिडकीची काच. आपला इन्फ्रारेड तिच्यातून सरळ आरपार जातो. थर्मल कॅमेऱ्यासाठी तीच काच भिंतीसारखी असते.

४. हे शोधलं कुणी?

विल्यम हर्शेल यांनी, १८०० साली, इंग्लंडमध्ये. युरेनस शोधणारे हेच हर्शेल. लोलकातून ऊन पाडून कोणत्या रंगात किती उष्णता असते हे ते तापमापकाने मोजत होते. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं तिथे ठेवलेल्या तापमापकाचा पारा सगळ्यात वर गेला. मला हा प्रयोग फार आवडतो. यंत्र म्हणाल तर एक लोलक आणि दोन-तीन तापमापक, आणि त्यातून माणसाला कळलं की आपण उन्हाचा अर्धा भाग कधी पाहिलेलाच नाही.

पुढे रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञांनी १९१० मध्ये इन्फ्रारेड निसर्गचित्रं प्रसिद्ध केली. काळं आकाश आणि पांढरी झाडं जगाने पहिल्यांदा तिथे पाहिली.

५. आकाश आणि पाणी एवढं काळं का येतं? भर दुपारचा फोटो असून रात्र वाटते.

हवेचे रेणू निळा प्रकाश खूप विखुरतात, म्हणून आकाश निळं. तरंगलांबी वाढली की हे विखुरणं झपाट्याने कमी होतं. ४५० नॅनोमीटरच्या निळ्याच्या तुलनेत ८०० च्या इन्फ्रारेडचं विखुरणं साधारण दहापट कमी असतं. त्यामुळे आभाळाकडून कॅमेऱ्यात काही येतच नाही आणि ते काळं दिसतं. ढगातले थेंब मोठे असल्यामुळे ते इन्फ्रारेडही परतवतात, म्हणून काळ्या आभाळात ढग पिंजलेल्या कापसासारखे उठून येतात.

पाण्याचंही तसंच. स्वच्छ, खोल पाणी इन्फ्रारेड शोषून घेतं. नाथसागराचा शांत दिवशी घेतलेला फोटो शाईसारखा येतो. पण गोदावरीला नवं पाणी येतं तेव्हा तिच्यातला गाळ प्रकाश परत पाठवतो आणि नदी राखाडी दिसते.

देवगिरीच्या माथ्यावरून धुरकट दिवशी लांबचे डोंगर डोळ्याला पुसट दिसतात, इन्फ्रारेडमध्ये बरेच स्पष्ट येतात. मात्र दाट धुक्यातून हा कॅमेरा आरपार पाहतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. धुक्याचे थेंब मोठे असतात, तिथे ही युक्ती चालत नाही.

६. माझ्या मोबाइलने किंवा साध्या कॅमेऱ्याने होईल का?

टीव्हीचा रिमोट घ्या. कॅमेरा सुरू करून रिमोटचं टोक त्याच्याकडे धरा आणि बटण दाबा. पडद्यावर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला तर तुमच्या कॅमेऱ्याला थोडं तरी इन्फ्रारेड दिसतं. मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्याला दिसलं नाही तर पुढच्याने करून पाहा, त्यात अडवणारी काच बरेचदा कमी कडक असते.

प्रत्येक डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरपुढे इन्फ्रारेड अडवणारी काच असते, नाहीतर रोजच्या फोटोतले रंग बिघडतील. ही काच थोडा प्रकाश गळू देते. त्या गळतीवरच साध्या कॅमेऱ्याने काम करायचं असतं. म्हणून लेन्सवर फिल्टर लावून ट्रायपॉडवर लांब एक्स्पोजर द्यावं लागतं. भर उन्हात एफ ८ (लेन्सच्या छिद्राचं माप), आयएसओ ४०० (सेन्सरची संवेदनशीलता) ठेवून कुठे ५ सेकंद लागतात, कुठे ३०. आधी वाऱ्याचा अंदाज घ्या, नाहीतर कडुलिंबाच्या शेंड्याचा धूर झालेला दिसेल.

७. फिल्टर कोणता घ्यावा?

पहिला ७२० नॅनोमीटरचा घ्या, होया कंपनीचा आर ७२ या प्रकारातला सगळ्यांच्या ओळखीचा आहे. त्यात रंगाची थोडी धुगधुगी उरते आणि काळं-पांढरंही चांगलं होतं. ८५० चा घेतलात तर निव्वळ काळं-पांढरं, कडक. ५९० किंवा ६६५ चे फिल्टर थोडा तांबडा प्रकाश सोडतात, त्यातून सोनेरी झाडं आणि निळं आकाश असली चित्रं निघतात, पण त्यांचा खरा उपयोग बदल करून घेतलेल्या कॅमेऱ्यावरच होतो. ऑनलाइन मिळणारे अगदी स्वस्त फिल्टर बरेचदा दिसणारा प्रकाशही गळू देतात. पावती जपून ठेवा.

८. कॅमेरा उघडून आतली काच काढून घेऊ का? यूट्यूबवर सोपं दाखवतात.

स्वतः उघडू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब साठलेला असतो आणि बॅटरी काढली तरी तो टिकून राहतो. हे यूट्यूबवर दोन सेकंदांत उरकतात.

माहीतगार माणसाकडून करून घेणार असाल तर घरात पडून असलेला जुना कॅमेरा द्या. काच काढल्यावर फोटोतले रंग कायमचे बदलतात. लग्नाच्या ऑर्डरी ज्या कॅमेऱ्यावर चालतात, त्याला हात लावू देऊ नका. माझा पहिला कॅमेरा एका कारागिराकडून परत आला तेव्हा नव्या काचेच्या आत धुळीचे कण होते. आकाशात दर वेळी त्याच जागी तेच तीन ठिपके. तो दुरुस्त करायला दुप्पट खर्च आला. म्हणून देतानाच विचारा की हे काम धूळमुक्त जागी करता का, आणि परत घेताना कोऱ्या भिंतीचा एफ १६ वर एक फोटो तिथेच काढून मोठा करून पाहा.

बदल करून घेतल्यावर मात्र ट्रायपॉड सुटतो. हातात धरून, १/२०० सेकंदात फोटो येतो. वाऱ्यात डुलणारी तूर, चालणारी माणसं, उडणारे बगळे, सगळं आवाक्यात येतं.

९. माझा फोटो नुसता लालभडक येतो. तुमच्यासारखा कसा करायचा?

लाल येणं बरोबरच आहे. ७२० च्या फिल्टरमधून लाल घटकालाच सगळ्यात जास्त प्रकाश मिळतो. उन्हातल्या हिरव्या गवतासमोर कॅमेरा धरून कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या, म्हणजे त्या गवताला पांढरं धरायला कॅमेऱ्याला सांगा. लाल रंग उतरून झाडं पांढरट आणि आकाश तपकिरी होईल. फोटो रॉ मध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच काढा. मग कॉम्प्युटरवर चॅनल मिक्सरमध्ये लाल आणि निळ्याची अदलाबदल केली की तपकिरी आकाश निळं होतं. ही अदलाबदल म्हणजे फोटोग्राफरची निवड आहे, निसर्गाचा रंग नव्हे. पलीकडच्या प्रकाशाला आपल्या डोळ्याचा रंगच नाही, म्हणून दाखवू तो रंग आपण दिलेलाच असतो. मी स्वतः काळं-पांढरंच ठेवतो, मला त्यात जास्त खरेपणा वाटतो.

१०. फोकस चुकतो, आणि मधोमध पांढरा डाग येतो. कॅमेरा खराब आहे का?

दोन्ही दोष लेन्सच्या स्वभावाचे आहेत. इन्फ्रारेड दिसणाऱ्या प्रकाशापेक्षा थोडा मागे एकवटतो. जुन्या लेन्सवर फोकसच्या खुणेशेजारी बारीक लाल ठिपका असायचा, तो याचसाठी. आता लाइव्ह व्ह्यूवर, म्हणजे मागच्या पडद्यावरच्या थेट चित्रात, मोठं करून फोकस करा, प्रश्न मिटतो. मधला डाग लेन्सच्या आतल्या परावर्तनामुळे येतो आणि एफ ११, एफ १६ कडे गेलं की वाढतो. एफ ५.६ ते ८ मध्ये राहा. काही लेन्सचा डाग जातच नाही. नवी लेन्स घेण्याआधी दुकानातच फिल्टर लावून तपासा.

११. मराठवाड्यात कुठे आणि कधी जावं?

वेळ आधी सांगतो, कारण इथे नेहमीचा नियम उलटा होतो. इतर फोटोग्राफर सकाळ-संध्याकाळचा मऊ प्रकाश शोधतात. इन्फ्रारेडला अकरा ते तीनचं रणरणतं ऊन मानवतं. आपल्याकडे त्याचा तोटा नाही. डोक्याला रुमाल, जवळ पाणी, आणि कॅमेरा सावलीत ठेवा. सेन्सर तापला की लांब एक्स्पोजरमध्ये ठिपके पडतात.

महिने म्हणाल तर सप्टेंबर ते नोव्हेंबर. आभाळ धुतलेलं, ढग तुटक, सोयाबीन-तूर-कापूस रानात, आणि काळी माती इन्फ्रारेडमध्येही काळीच. त्या काळ्यावर पांढरी पिकं अशी दिसतात की आपलंच शिवार ओळखू येत नाही. दुसरा मोसम चैत्र-वैशाखाचा, तो फारसं कुणी धरत नाही. रानं उघडी पडलेली असतात, ढेकळं तापलेली असतात, आणि बांधावरच्या लिंबाला मात्र नवी पालवी आलेली असते. मैलभर काळसर माळ आणि त्यात एकच झगझगीत झाड. दुष्काळाच्या वर्षी मी असे फोटो काढले तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं की गावातली म्हातारी माणसं लिंब तोडू का देत नाहीत.

जागा: देवगिरीचा कातळ, कारण बेसॉल्ट गडद राहतो आणि त्याच्या फटीत उगवलेली झुडपं दिव्यासारखी लागतात. नळदुर्गचा पाणी महाल, पाणी काळं आणि सांडव्याची धार पांढरी. बीडचं कंकालेश्वर, चारी बाजूंनी पाणी असलेलं. कंधार आणि उदगीरचे भुईकोट. किनवट-माहूरचं सागाचं जंगल पावसाळा सरताना, कारण मार्चपर्यंत साग उघडा होतो. वेरूळला कैलास लेण्याच्या वर, डोंगराच्या कडेवरून खाली पाहत. संरक्षित स्मारकांत ट्रायपॉड लावायला पुरातत्त्व खात्याची आगाऊ परवानगी लागते. गेटवरच्या माणसाशी वाद घालू नका, तो त्याचं काम करत असतो.

१२. अजिंठ्याची चित्रं इन्फ्रारेडने जास्त स्पष्ट दिसतील का?

तत्त्व खरं आहे. जगभर जुन्या चित्रांच्या अभ्यासात इन्फ्रारेड वापरतात, कारण काजळीचा काळा रंग इन्फ्रारेड शोषतो आणि वरचे काही रंग त्याला बऱ्यापैकी वाट देतात. त्यामुळे रंगाखाली चित्रकाराने आधी ओढलेली रेघ, बदललेला हात, सरकवलेला डोळा वर येतो. पण हे काम संशोधकांचं, ठरवून दिलेल्या सौम्य प्रकाशात आणि परवानगीने करायचं. तुम्ही-आम्ही जास्त प्रकाश टाकून तिथे प्रयोग करायचे नाहीत. ती चित्रं आपल्या हौसेपेक्षा फार मोठी आहेत. अजिंठ्याला गेलात तर वाघूर नदीच्या नालाकृती दरीचा फोटो घ्या, सप्टेंबरात.

१३. माणसांचे फोटो कसे येतात? आमच्या ताईचा चेहरा मेणाच्या पुतळ्यासारखा आला.

इन्फ्रारेड कातडीच्या आत काही मिलिमीटर शिरून मग परततो. म्हणून डाग, पुटकुळ्या, उन्हाने रापल्याच्या खुणा विरघळतात, ओठ फिके पडतात, डोळे गडद होतात आणि कधी शिरा दिसतात. आणखी एक. कातडीला सावळेपणा देणारं मेलॅनिन इन्फ्रारेडमध्ये फारसं काम करत नाही. गोरी आणि सावळी माणसं शेजारी उभी केली तर फोटोत त्यांच्या रंगात फरक करणं अवघड होतं. ज्या समाजात मुलीचा फोटो पाहताना आधी रंग विचारतात, तिथे हा फोटो भिंतीवर लावावा असं मला मनापासून वाटतं.

यातला सगळ्यात मोलाचा अनुभव गोंदणाचा. माझ्या आत्याचं वय ऐंशीच्या पुढे. कोपरापासून मनगटापर्यंत गोंदलेलं, पण डोळ्याला आता निळसर, फिसकटलेले डाग तेवढे दिसायचे. अंगणात खाटेवर बसवून, हात उन्हात धरायला सांगून मी फोटो घेतला. पडद्यावर तुळशीवृंदावन उमटलं. पायऱ्या तीन, वर तुळशीच्या फांद्या, एकेक ठिपका मोजता येईल असा, आणि खाली विंचू, नांगी वळवलेला. गोंदणाच्या रंगात काजळी असते, ती इन्फ्रारेड शोषते, आणि तिच्यावरची कातडी त्याला अर्धपारदर्शक होते. म्हणून हे झालं. आत्याने चष्मा पुसून दोनदा पाहिलं. म्हणाली, "हे गेलं न्हाई व्हय अजून?" मग गोंदणारी कुठून यायची, आईने हात कसा धरून ठेवला होता, हे सगळं सांगत बसली. घरात अशी माणसं असतील तर हा फोटो काढून ठेवा. पुढच्या वर्षी बघू म्हणून ठेवू नका.

१४. या कॅमेऱ्यातून कपड्यांच्या आरपार दिसतं म्हणतात. खरं का?

काही पातळ, कृत्रिम धाग्यांचे कापड इन्फ्रारेडला थोडी वाट देतात हे खरं आहे. १९९८ साली एका व्हिडिओ कॅमेऱ्यामुळे यावरून मोठा गदारोळ झाला आणि कंपनीला त्यात बदल करावा लागला. रोजच्या कपड्यांत, साध्या इन्फ्रारेड फोटोत असं काही दिसत नाही. काळं कापड फिकट किंवा चक्क पांढरं मात्र होतं, कारण बरेच काळे रंग इन्फ्रारेड शोषतच नाहीत. संक्रांतीची काळी चंद्रकळा फोटोत राखाडी-पांढरी येते.

तरीही माझा नियम पक्का आहे. माणसाचा फोटो घेण्याआधी हा कोणता कॅमेरा आहे ते सांगायचं आणि काढलेला फोटो दाखवायचा. नको म्हणाले तर त्यांच्यासमोर पुसायचा. आरपार पाहण्याच्याच हेतूने कुणी विचारत असेल तर मी उत्तर देत नाही.

१५. भूत, आत्मा, ऑरा असलं काही यात दिसतं का? आमच्या देवीच्या झाडाचा फोटो पांढरा आला, हे शुभ का अशुभ?

देवीचं झाड, शाळेमागचं झाड, उकिरड्यावरचं झाड, सगळी पांढरीच येतात. त्याच फोटोत शेजारची बोर-बाभळही पाहा. तुमच्या श्रद्धेला मी हात लावत नाही. फक्त तिचा पुरावा म्हणून हा फोटो कुणाला दाखवू नका, उद्या कुणीतरी त्यावर पैसे उकळायला बसेल.

'भूत' दिसलेले फोटो मला बऱ्याच जणांनी पाठवले आहेत. दोनच कारणं निघतात. एक म्हणजे लांब एक्स्पोजर. २० सेकंदांच्या फोटोत कुणी मधून चालत गेलं की त्याची विरळ, पारदर्शक आकृती उमटते. दुसरं, लेन्सजवळ उडणारी धूळ किंवा किडे, ज्यांच्यावर प्रकाश पडून गोल गोळे दिसतात. सीसीटीव्हीत रात्री दिसतात ते हेच, कारण त्याचे इन्फ्रारेड दिवे लेन्सच्या अगदी शेजारी असतात.

ऑराच्या फोटोंचा इन्फ्रारेडशी संबंध नाही. बोटाभोवती निळी प्रभा दाखवणारे किर्लियन फोटो उच्च दाबाच्या विजेने काढतात आणि ती प्रभा कातडीच्या ओलाव्याप्रमाणे बदलते.

१६. मग हे सगळं एवढं गूढ का वाटतं? शास्त्र कळल्यावर मजा जात नाही का?

माझ्या बाबतीत उलट झालं. पहिला फोटो मी आमच्या वाड्यापुढच्या लिंबाचा काढला. त्याच्या सावलीत मी रांगलो, शाळेत असताना त्याच्याखाली अभ्यास केला. ते झाड कॅमेऱ्याच्या पडद्यावर असं पेटून उभं राहिलं आणि मान वर करून पाहिलं तर नेहमीसारखंच हिरवं, धुळकट. अंगावर काटा आला. ते झाड माझ्या जन्माआधीपासून रोज भर दुपारी असंच उजळत होतं आणि मी त्याच्याखाली बसून होतो. कारण कळल्यावर ही भावना कमी झाली नाही. भूत असतं तर एका झाडापुरतं असतं. हे प्रत्येक पानाचं आहे.

आपल्या मुलखात न दिसणाऱ्याबद्दल बोलायची सवय जुनी आहे. पैठण, आपेगाव, नरसी, गंगाखेड, तेर ही संतांची गावं एकमेकांपासून फार लांब नाहीत आणि सगुण-निर्गुणाची चर्चा इथे पारावर होते. कॅमेरा त्या चर्चेचा निकाल लावत नाही, लावूही नये. पण डोळ्याला दिसतं तेवढंच जग असं म्हणणाऱ्याला हा फोटो दोन मिनिटं गप्प करतो.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्राने २०२३ मध्ये तिला अंतिम मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्यातून धावणार आहे तो १०६४ नॅनोमीटरचा लेसर, म्हणजे इन्फ्रारेडच. कृष्णविवरांच्या टकरीने अवकाशात उठलेली कंपनं त्याने मोजायची. ज्योतिर्लिंगाच्या गावाशेजारी हे होणार आहे याचा मला फार आनंद आहे.

१७. सापाला आणि जनावरांना इन्फ्रारेड दिसतं का?

पिट व्हायपर जातीच्या सापांना डोळा आणि नाकपुडीच्या मधल्या खळग्यांतून उष्णता कळते. म्हणजे प्रश्न ३ मधला थर्मल पट्टा, आपल्या फोटोतला नव्हे. आपल्या शेतात सापडणाऱ्या नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांनाही हे खळगे नसतात. गाय, बैल, कुत्रा यांना आपल्या फोटोतला प्रकाश दिसत नाही.

१८. फिल्टर डोळ्यापुढे धरून नुसतंच पाहिलं तर?

उन्हाकडे पाहू नका. हा फिल्टर डोळ्याला काळा वाटतो म्हणून त्यातून सूर्य किंवा ग्रहण पाहणारे भेटले आहेत, म्हणून हे कळकळीने लिहितो. दिसणारा प्रकाश अडल्यामुळे बाहुली मोठी होते आणि न दिसणारं इन्फ्रारेड सगळं आत जातं. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही. भाजल्याचं लक्षात येतं तेव्हा उशीर झालेला असतो. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर असलेल्या कॅमेऱ्यावरही सूर्याची चौकट लावताना डोळा लावू नका.

१९. रात्री किंवा घरात काढता येतो का?

एलईडी दिव्यातून इन्फ्रारेड जवळपास निघतच नाही. जुना पिवळा बल्ब किंवा हॅलोजन लावा, त्यात भरपूर असतं. समई आणि चुलीच्या उजेडातही सुंदर फोटो येतात.

२०. रोल अजून मिळतो का?

कोडॅकचे जुने इन्फ्रारेड रोल बंद झाले. इलफर्ड एसएफएक्स २०० आणि रोलाय इन्फ्रारेड ४०० मिळतात, पण मागवावे लागतात. रोल कॅमेऱ्यात भरताना सावलीत भरा.

२१. माझ्या कापसाच्या फोटोवरून पीक आजारी आहे का सांगाल?

एका फोटोवरून नाही. उपग्रह हेच तत्त्व वापरतात, पण ते तांबडा आणि इन्फ्रारेड असे दोन्ही प्रकाश वेगवेगळे मोजतात. दोघांची वजाबाकी भागिले बेरीज केली की एनडीव्हीआय, म्हणजे हिरवाई किती आहे ते सांगणारा आकडा मिळतो. भारताचा आयआरएस-१ए उपग्रह १७ मार्च १९८८ ला सुटला, तेव्हापासून आपले स्वतःचे उपग्रह हे काम करत आले आहेत. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ नियमावलीत पावसाच्या जोडीला असे उपग्रहाचे निर्देशांकही धरले आहेत. म्हणजे आपला तालुका दुष्काळी ठरतो की नाही, यात या न दिसणाऱ्या प्रकाशाचा वाटा असतो. हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत असायला हवं.

पानात पाणी कमी पडलं, पेशी ढासळल्या की इन्फ्रारेड घटतो. पण ऊन तिरपं झालं, ढग आला, तरी फोटो काळवंडतो. त्यामुळे फोटो पाहून फवारणी ठरवू नका, रानात जाऊन पान उलटून बघा.

२२. पांढरं म्हणजे जिवंत, काळं म्हणजे मेलेलं, असं धरायचं का?

बरीच वर्षं मी स्वतः लोकांना असंच सांगत होतो, आणि ते चूक आहे. हिरवं शेडनेट, हिरवा रंग दिलेलं गेट, प्लास्टिकचं गवत यांचा भरवसा नाही. काही गडद येतात, काही पांढरे.

पण खरी फसगत कडब्याने केली. फेब्रुवारीत एका शेतात कडब्याची गंजी आणि तिच्यामागे आंब्याचं झाड असा फोटो घेतला. दोन्ही सारखेच पांढरे आले. ज्वारी कापून महिना झालेला, धाटात पाण्याचा थेंब नाही, तरी गंजी आंब्याइतकी उजळ. वाळलेल्या धाटाच्या पोकळ्याही इन्फ्रारेड परतवतातच. फरक तांबड्यात आहे. आंबा तांबडा प्रकाश खातो, कडबा तोही परत पाठवतो. समजा, आंब्याने शंभरातला ८ तांबडा आणि ४८ इन्फ्रारेड परत दिला, तर एनडीव्हीआयचा आकडा (प्रश्न २१ पाहा) येतो ४० भागिले ५६, म्हणजे ०.७१. कडब्याने ३० आणि ४० दिला तर १० भागिले ७०, म्हणजे ०.१४. म्हणून जिवंत-मेलेलं ओळखायचं असेल तर त्याच जागेवरून, त्याच उन्हात फिल्टर काढून एक साधा फोटोही घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवा. मी आता प्रत्येक फोटोचा असा जोड ठेवतो. गंजीच्या जोडफोटोत कडबा पिवळा आहे, आंबा हिरवा आहे, आणि गंजीवर एक साळुंकी बसली आहे जी इन्फ्रारेडच्या फोटोत नाही, कारण मी फिल्टर काढेपर्यंत ती आलेली नव्हती.